कम्प्युटर वाढवणारे काकाजी

परवा किराणा दुकानात मी सवयीनं बोलून गेले, "दादा, आमच्याकडचं मीठ वाढलंय." दुकानदारानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि म्हणाला, "मग एक बटाटा सोडा की ताई आमटीत. खारटपणा ओढून घेतो."

त्याचं काही चुकलं नाही. आमच्या साताऱ्याकडं मीठ वाढलं म्हणजे आमटी खारट झाली. दोष असलाच तर तो आमगावच्या काकाजींचा. त्यांच्या घरी मीठ वाढलं म्हणजे मीठ संपलं. ती भाषा माझ्या जिभेवर अशी चढून बसलीय की आता मीच माझ्या गावात परकी ठरते.

गोंदियाजवळच्या आमगावला मी हायस्कुलात कम्प्युटर शिकवायला होते. काकाजी माझे घरमालक. पुढं बाजाराच्या अंगाला त्यांचं बांगड्यांचं दुकान, मागं घर आणि घराच्या मागं माझी खोली. खोली पाहायला गेले त्या दिवशीच मला याची चुणूक मिळाली. मी विचारलं, "खोली रिकामी आहे ना?" काकाजी बांगड्यांच्या पेट्यांआडून उठले. उंच, काटकुळे, चष्मा दोरीनं गळ्यात टांगलेला. म्हणाले, "रिकामी कायले राहीन? तुमची वाट पाहून रायली ना जी खोली."

मला वाटलं, माणूस गोडबोल्या आहे, भाडं जास्त सांगणार. तसं काही नव्हतं. त्यांच्या तोंडी 'रिकामं' हा शब्दच नव्हता. 'बंद' नव्हता, 'संपलं' नव्हता, 'फुटलं' तर नव्हताच नव्हता. बांगडी फुटली असं आपल्याकडं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. गोंदियाकडचे हिंदी बोलणारे शेठसुद्धा संध्याकाळी 'दुकान बढ़ाओ' म्हणतात. एवढ्यावर सगळं जग थांबतं. काकाजी थांबले नाहीत. काचेच्या धंद्यात सगळी हयात गेल्यानं असेल, पण शेवटाचा म्हणून जो जो शब्द असेल तो त्यांनी हद्दपार केला होता आणि सगळ्यांच्या जागी एकटा 'वाढलं' नेमला होता. तेल वाढायचं, टीव्हीवरची मालिका वाढायची, मोबाइलची बॅटरी वाढायची. सगळ्या गल्लीला ही बोली पाठ होती. पाठ नव्हती ती एकट्या मला.

पहिल्याच आठवड्यात काकी, म्हणजे त्यांच्या घरच्या, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मीठ वाढलं वो." मी शहाणपणानं वांग्याच्या भाजीत तांब्याभर पाणी ओतलं. आधीच अळणी भाजी, तिची आता नदी झाली. काकाजी निमूटपणे जेवले. उठताना म्हणाले, "भाजीले आज पोहता येत होतं."

दुसरी गफलत याहून महागात पडली. मला गोंदियाला जायचं होतं. काकाजी सकाळी स्टेशनाकडून चक्कर मारून आले आणि म्हणाले, "आजची तुमची गाडी वाढली." मी खूश. म्हटलं, गर्दी असते, जादा गाडी सोडली असेल. मी फलाटावर बसून राहिले. शेंगा खाल्ल्या, ओळखीच्या दोन बायकांशी बोलून झालं, आणि मग कुणीतरी दया येऊन सांगितलं की गाडी रद्द आहे. घरी येऊन मी चिडले, तर काकाजींनाच नवल वाटलं. "मी तं सकारीच सांगतलं होतं ना जी!"

रागावणं फार वेळ जमायचं नाही, कारण माणूस हातानं विलक्षण गोड होता. बांगड्या भरताना त्यांचा हात पाहावा. केवढाही जाड पंजा असो, बाई 'स्स' करायच्या आत डझनभर काचेच्या बांगड्या मनगटावर. तोंडानं एकच मंत्र, "हात ढिल्ला सोड माय. बांगडी आपला रस्ता आपूनच पाहते." माझे मोकळे हात त्यांना बघवायचे नाहीत. शाळेत बांगड्यांची किणकिण नको म्हणून मी घालत नसे. एके दिवशी दुकानात उभी असताना बोलता बोलता त्यांनी दोन्ही हातांत चार चार चढवल्या, मला कळलंसुद्धा नाही. वर म्हणाले, "आता कम्प्युटरले आयकू येईन तुमी आल्या म्हनून."

कम्प्युटरचा विषय काढलाच आहे, तर आता तेच सांगते.

काकाजींना एकच लेक. ती नर्स होऊन कॅनडात गेली, तिथंच आपल्याकडच्या एका मुलाशी तिचं जमलं. लग्न मात्र आमगावात येऊन केलं. जाताना तिनं बापासाठी मोठा कम्प्युटर घेऊन ठेवला. मोबाइलवर तोंड दिसतं हे काकाजींना पटवायचा तिनं प्रयत्न केला होता. पण त्यांचा हट्ट, "लेक का तंबाखूची पुडी आहे का तळहातावर धराले? समोर बसवून पाहाव मानसाले." म्हणून मोठा पडदा. आतल्या खोलीत टेबल मांडलं. वर पडदा आणि त्याच्या डोक्यावर कॅमेरा. खाली टेबलाच्या पोटात मशीनचा डबा, आणि त्याला धूळ लागू नये म्हणून काकींनी जुन्या लुगड्याचा झालर असलेला पडदा शिवून लावला. नारळ वाढवला. लेक रोज सकाळी सहाला, म्हणजे तिच्याकडं संध्याकाळ झाली की, फोन करायची. पडद्यावर ती दिसली की काकाजी चक्क उभे राहायचे आणि म्हणायचे, "ये माय."

पहिल्या दिवशी बोलणं झाल्यावर मी त्यांना दाखवलं, कम्प्युटर ठेवायचा कसा. इथं टिचकी मारा, मग हे 'शट डाउन'.

"म्हंजे?"

"म्हणजे बंद."

काकाजींनी चष्मा काढला. "मास्तरीनबाई, तुमी पोरी शिकवता. थोडं समजून बोला. जिथं आता माई लेक बसली होती, ते मी आपल्या हातानं बंद करू?"

मी म्हटलं, "बरं, वाढवा." तर तेही नाही. शब्दाची अडचण नव्हतीच, हाताची होती. लेकीचं तोंड नाहीसं होईल असं कुठलंही बटन त्यांचा हात दाबणार नव्हता. मी 'स्लीप' दाखवलं. म्हटलं, याला झोपवून ठेवा. ते म्हणाले, "सूर्य निंगाल्यावर आमच्या घरी कोनी झोपत नाही. लक्ष्मी मांगं फिरते." त्या आठवड्यात ते यंत्र दिवसभर चालू राहिलं. मी शाळेतून येऊन हळूच ठेवायची, सकाळी पुन्हा लावायची, तर काकाजींना वाटायचं आपोआप झालं, आणि ते खूश व्हायचे. शेवटी त्यांनीच मला विचारलं, "याले काही अशी युक्ती नाही का, की आपूनच उठीन अन् आपूनच वाढीन?"

"आपोआप बंद... आपोआप वाढेल हो. पण उठायला कशाला हवं आपोआप?"

"लेक माहेराले येते तं तिनं दार वाजवाव का?" काकाजी म्हणाले. "दार पयलेच उघडं पायजे."

रविवारी बसले आणि जमवलं. मशीन सुरू होताना आतल्या सेटिंगमध्ये शिरता येतं, तिथं रोज उठायची वेळ लावता येते. ती सहाच्या थोडी आधी लावली. वाढायची वेळ सात. पण बोलणं रंगात असताना एकदम अंधार नको, म्हणून मी एक छोटी खिडकी तयार केली. सातला थोडा वेळ असताना ती पडद्याच्या कोपऱ्यात उगवायची. तिच्यात मी मराठीत लिहिलं होतं, 'वेळ झाली. काय करू?' खाली दोन बटनं. एकावर 'राहू द्या', म्हणजे तासभर चालू राहील. दुसऱ्यावर, काकाजींचा मान राखून, 'वाढवा'. ते दाबलं की लगेच बंद. माझ्या या कारागिरीवर मी स्वतःच इतकी खूश होते की शाळेत मुलींना दाखवली.

काकाजींनी सगळं ऐकून एकच शंका काढली. "तो वाढला असते तं त्याले कसं समजते, उठाची वेळ झाली म्हनून?"

"आत एक घड्याळ असतं. त्याला चपटा सेल असतो. मशीन वाढवलं तरी घड्याळ चालूच राहतं."

"म्हंजे बाहिरून सामसूम, अन् आतून जागाच." त्यांनी पडद्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बापासारखा आहे जी हा."

सोमवारी सकाळी सोहळा झाला. काकाजी आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून खुर्चीत. काकी शेजारी. दारात गल्लीतल्या सात-आठ बायका आणि चहावाला. हात न लावता यंत्र उठतं हे बघायला सगळे जमले होते. टेबलाखाली पंखा घरघरला, पडदा उजळला, लेकीचा फोटो आला, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकाजी सगळ्यांकडे असं बघत होते, जणू त्यांनीच त्याला चालायला शिकवलंय.

रोज सातला तो मध्येच वाढायचा. लेक म्हणत असायची, "बाबा, काल तं इतका बर्फ..." आणि काळोख. मला आधी वाईट वाटलं. म्हटलं, वेळ पुढं ढकलते. काकाजी नको म्हणाले. "असंच बेस आहे. ना तिले जातो म्हनाव लागत, ना आमाले जा म्हनाव लागत. बोलनं वाढलं नाही, उद्यासाठी राहलं." ती दोन बटनं त्यांनी कधी दाबली नाहीत. 'राहू द्या'सुद्धा नाही, कारण मागून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मध्ये एकदा घड्याळानं घोळ घातला. भर दुपारी काकाजी एका नवरीला चुडा भरत होते. आतून त्यांना मशीन उठल्याचा सूर ऐकू आला. नवरीचा एक हात भरलेला, एक मोकळा, तसाच टाकून ते आत धावले, "लेक आली, लेक आली!" आत पडदा उजळलेला, लेकीचा फोटो लावलेला, आणि काकी हातात फडकं घेऊन टेबल पुसत होत्या. लेक काही आली नव्हती. नवरीची आई संतापली, नवरी हसत सुटली. संध्याकाळी मला तक्रार आली, "तुमचं घड्याळ चुकून रायलं." मी डबा उघडला, सेल तपासला. सेल ठणठणीत. तरी संशय नको म्हणून नवा बसवला. काकी बाजूला उभ्या राहून फार लक्ष देऊन बघत होत्या. मी म्हटलं, "कळेना बाई, असं का झालं." त्या म्हणाल्या, "होते एखांद्या टायमाले."

काकींबद्दल मी फारसं बोलले नाही, कारण त्याच फारशा बोलायच्या नाहीत. काकाजी दोघांच्या वाटचं बोलत.

मग लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काकाजींच्या घरात लिहून ठेवायची गरज नव्हती. काकींनी खोली सारवून घेतली, डिंक आणून ठेवला. पण तिथल्या डॉक्टरनं एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं. लेक त्या सकाळी पडद्यावर रडली. काकाजी रडले नाहीत. म्हणाले, "मंग इथंच कर ना माय. आमी आहोच समोर." तेव्हापासून तो पडदा म्हणजेच बाळंतिणीची खोली झाली. काकी रोज नवं दुपटं शिवून कॅमेऱ्यासमोर धरायच्या. काकाजींनी काळ्या मण्यांच्या मनगट्या ओवल्या, आयुष्यात केलेल्या सगळ्यात लहान, आणि पडद्याच्या कोपऱ्याला टांगून ठेवल्या. नातवंडाचं तोंड जन्मल्या जन्मल्या बघायचं, एवढी एकच गोष्ट त्या दोघांना हवी होती. ती मिळायचं दारही एकच होतं.

आणि नेमकी त्याच दिवशी मी घरी नव्हते. गोंदियाला प्रशिक्षण होतं, म्हणून आदल्या दिवशीच मैत्रिणीकडं गेले होते. सकाळी साडीच्या निऱ्या घालत असताना काकाजींचा फोन.

"मास्तरीनबाई! तिले दवाखान्यात नेलं. जावई म्हनते, मशीन चालू ठेवा, तिथूनच दाखवतो. पन सात वाजून रायले ना जी! ते खिडकी आली. काय करू म्हनून विचारून रायला मले!"

मी फोन खांद्याशी धरलेला, तोंडात पिन. घाईत माझी सातारी जीभ सुटली. "घाबरू नका काकाजी. वेळ वाढवा फक्त."

"वाढवू? आज?"

"हो, पटकन! सात व्हायच्या आत वाढवा."

"माया हातानं?"

"मग कुणाच्या? वाढवा, काकाजी, वाढवा!"

मिनिटभरानं आवाज आला, अगदी बसलेला. "वाढवला." मला वाटलं, हा आनंदच. मी म्हटलं, "शाब्बास! आता निवांत बसा." आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला. प्रशिक्षणात फोन चालत नव्हते.

सकाळचं सत्र झालं. मी बाहेर चहाच्या टपरीकडं निघाले, तर टपरीवाला ओरडला, "मॅडम, जल्दी लो, दुकान बढ़ा रहा हूँ!" मी हात पुढं केला आणि तिथंच गार पडले. बढ़ा रहा हूँ. वाढवा. माझ्या हातानं लिहिलेलं बटन डोळ्यांपुढं उभं राहिलं. ज्या हातानं लेकीचं तोंड कधी नाहीसं होऊ दिलं नव्हतं, त्या हाताकडून मी ते आज, नेमकं आज करवून घेतलं होतं. वर शाब्बास म्हटलं होतं! फोन लावला तर काकाजींचा बंद. त्यांची बॅटरी वाढलेली.

मिळाली ती गाडी धरून आमगावला आले. गल्लीच्या तोंडाशी काकी भेटल्या, हातात पूजेचं ताट. सहाला लेक दवाखान्यात गेल्याचं कळलं, तेव्हाच त्या देवीच्या देवळात जाऊन बसल्या होत्या. घरी काय झालं याचा त्यांना पत्ताच नव्हता. मी चालता चालता सगळं सांगितलं. मी त्यांना इतकं भराभर चालताना कधी पाहिलं नव्हतं.

आत काकाजी काळ्या पडद्यासमोर बसले होते. ओळखू येऊ नयेत इतके लहान दिसत होते. सकाळपासून त्यांनी चूळसुद्धा भरली नव्हती. मला बघून म्हणाले, "तुमी म्हनलं म्हनून वाढवला. आता तुमीच सांगा, हा कव्हा उठते?"

"जावईबापूंनी फोन नाही केला का?"

"नाही. एक लांबट नंबर तीन डाव आला. लॉटरीवाला असन, मी कापून टाकला."

मला रडू की हसू कळेना. मशीन चालू करायचं बटन झालरीच्या पडद्याआड होतं. काकाजींना ते कधी दिसलंच नव्हतं, कारण आपोआप उठणाऱ्याला कोण उठवणार? मी पुढं होणार, इतक्यात काकींनी ताट खाली ठेवलं. गुडघा टेकला. झालर न उचलता, न बघता आत हात घातला. टेबलाखाली पंखा घरघरला आणि पडदा उजळला.

काकाजी बघतच राहिले. "तुले मालूम होतं?"

"तुमी दुपारी गिऱ्हाइकात रायता," काकी म्हणाल्या. "मी रोज लावतो. पोरीचा फोटो पाहतो, अन् ठेवून देतो."

मला तो भर दुपारचा गोंधळ आठवला, आणि हातातलं फडकं आठवलं. मी उगाच नवा सेल घातला होता.

"ठेवून देतो म्हंजे? वाढवते कोन?"

"मीच."

"आपल्या हातानं?"

"अजी, पोरीले गाडीत बसवलं तव्हा गाडीचं दार कोनं लावलं होतं?" काकींचा आवाज चढला नव्हता. "तुमी तं भिताडाकडे तोंड करून उभे होते. धाडाव लागते. धाडल्याबिगर ते येईन कशी?"

तेवढ्यात पडद्यावर घंटी वाजायला लागली.

जावई होता. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "बाबा, कुठं होते तुमी? केव्हापासून लावून रायलो!" मग त्यानं फोन फिरवला. आधी छत दिसलं, मग एक नळी, मग लेक, घामेजलेली, हसणारी. आणि तिच्या कुशीत लाल, चुरगळलेलं, जगावर जाम रागावलेलं एक तोंड. "पोरगी आहे बाबा," लेक म्हणाली. काकी पदरात तोंड घालून हुंदके देत हसायला लागल्या. मीही रडले, सांगायला कशाला लाजू. काकाजी उठून उभे राहिले. त्या मूठभर जिवाला ते म्हणाले, "ये माय."

पोरीनं त्याच वेळी दुपट्यातून एक हात बाहेर काढला. काकाजींनी घाईनं चष्मा लावला. गिऱ्हाइकाच्या मनगटाकडं बघायचे तसे डोळे बारीक करून बघितलं आणि आनंदानं ओरडले, "अवो, मनगट भरलेलं आहे! ह्या मनगट्या लहान होतीन तिले! सगळ्या पुन्हा ओवा लागतीन!"

लेक थकली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, येतो आता." तिच्याकडचं चित्र गेलं. पडद्यावर तिचा तो नेहमीचा फोटो राहिला. वेळापत्रकात आता काही नव्हतं. यंत्र आपोआप वाढणार नव्हतं. काकाजींनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं. मग त्यांनी काकींकडं पाहिलं.

"हात ढिल्ला सोडा," काकी म्हणाल्या. "साऱ्या गावाले सांगता ना?"

काकाजींनी झालरीत हात घातला. काकींनी त्यांचं बोट धरून बटनावर नेलं. पडदा काळा झाला. काही झालं नाही. घर जागेवर होतं, आम्ही जागेवर होतो. काकाजींनी एकदा बोटाकडं पाहिलं आणि मग एकदम त्यांच्या अंगात वारं शिरलं. ते दुकानातून थेट रस्त्यावर गेले, अनवाणी, आणि दोन्ही हात वर करून गल्लीभर ओरडले, "वाढलं वो! आमच्या घरी वाढलं!"

लेक दवाखान्यात आहे हे सकाळपासून गल्लीला माहीत होतं. आणि काकाजींची बोलीही माहीत होती. चहावाल्यानं गॅस बारीक केला. समोरच्या आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शिंप्यानं मशीन थांबवून डोक्यावरची टोपी काढली आणि जड पावलांनी येऊन काकाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"अवो, काय रडून रायल्या!" काकी दारातून ओरडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज गल्लीनं पहिल्यांदाच ऐकला असेल. "नात झाली, नात!"

काकाजींनी शिंप्याच्या तोंडाकडं पाहिलं, आजीबाईंच्या पदराकडं पाहिलं, आणि आपल्याच शब्दानं काय घोटाळा केला ते त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांना असं हसू फुटलं की गळ्यातला चष्मा छातीवर उड्या मारायला लागला. शिंप्याची टोपी त्यांनी स्वतःच त्याच्या डोक्यावर परत घातली.

"अरे, तसं नाही ना बाप्पा," ते डोळे पुसत म्हणाले. "या डाव खरोखरचं वाढलं!"